रंभाजीची लाल गाठ

चूक रंभाजीची होती. कापसाची नव्हती, दोऱ्याची नव्हती, आणि सुनेच्या मशीनची तर अजिबात नव्हती. गावातले दोन-चार म्हातारे अजूनही म्हणतात की तशी थोडी थोडी चूक सगळ्यांचीच. ते रंभाजीच्या वयाचे आहेत, म्हणून म्हणतात.

गावाचं नाव नांदरखेडं. तिथे घरोघर रजया होत. पिंजलेला कापूस खोळीत भरायचा, काठीनं बडवून सारखा करायचा, खोळीचं तोंड शिवायचं आणि मग गाठी मारायच्या. गाठी नसल्या तर कापूस आठ दिवसांत पायाशी जाऊन बसतो, आणि माणूस अंगावर नुसतं फडकं घेऊन कुडकुडत राहतो. म्हणजे रजईची सगळी अब्रू गाठींत. एका रजईला अकरा रांगा, एका रांगेत अकरा गाठी. लांब सुई वरून खाली घालायची, बोटभर अंतरावरून वर काढायची, दोन्ही टोकं करकचून ओढायची, दुहेरी गाठ मारायची, दोरा तोडायचा. की पुढची.

अशा एकशे एकवीस. त्यातल्या एकशे वीस पांढऱ्या दोऱ्याच्या. बरोबर मधली एक तेवढी लाल दोऱ्याची. ती सगळ्यात शेवटी, गिऱ्हाइकासमोर, घरातल्या कर्त्या पुरुषानं मारायची असा गावचा रिवाज होता. हा रिवाज कुणी पाडला असेल ते वेगळं सांगायला नको.

रंभाजीची लाल गाठ आसपासच्या दहा गावांत नावाजलेली होती. अंगणात रजई पसरली की घरातल्या दोन बाया ती दोन बाजूंनी उचलून त्याच्या छातीपर्यंत धरायच्या, म्हणजे त्याला वाकावं लागू नये. सुईत दोरा आधीच ओवलेला असे. रंभाजी पागोटं सारखं करी, डोळे मिटून काहीतरी पुटपुटे आणि गाठ मारी. गिऱ्हाईक हात जोडी. मग ती रजई "रंभाजीअण्णाच्या हातची" म्हणून दुसऱ्या गावात मिरवे. बाकीच्या एकशे वीस गाठी कुणाच्या हातच्या, हे गिऱ्हाईक विचारत नसे आणि रंभाजी सांगत नसे. सांगायचं विसरत असे, असंही म्हणता येईल. पस्तीस वर्षं रोज न चुकता विसरणं सोपं नाही.

त्या एकशे वीस गाठी पारूबाई मारी. पारूबाई म्हणजे त्याची बायको. आठ वर्षांपासून तिच्या जोडीला सून आली होती, तुळजा. दोघी सकाळी बसल्या की एक रजई दुसऱ्या दिवशी दुपारी उठे. मुलगा भिवा टेंपो चालवी. बापाला उलट उत्तर द्यायचं नाही असं त्याला लहानपणी शिकवलेलं होतं. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की तो कुणालाच उत्तर देत नसे.

तुळजानं माहेराहून पायमशीन आणलं होतं. त्या मशीनवर ती घरातलं सगळं शिवी. पारूबाईच्या चोळ्या, पोरीचे झगे, भिवाचे लेंगे. रंभाजीची बंडी आणि त्याच्या धोतराखालची निळ्या पट्ट्यांची नाडीची चड्डीसुद्धा तिथलीच. त्याला त्याची काही हरकत नव्हती. पण रजईला मशीनचा दोरा लागता कामा नये, हा त्याचा हुकूम होता. दिवसा त्या मशीनवर त्याचं पागोटं, पानाचा डबा आणि रेडिओ असे. तुळजाला काही शिवायचं झालं की आधी हे तिन्ही देव उचलून दुसरीकडे ठेवावे लागत.

मागच्या उन्हाळ्यापासून पारूबाईची बोटं वळेनाशी झाली. सकाळी उठल्यावर ती कोमट पाण्यात हात बुडवून बसे, तेव्हा कुठे सुई धरता येई. तुळजा रोज हे बघत होती. एक दिवस तिनं आपल्या पोरीची लहान रजई घेतली, दोन बाजूंनी अळूवडीसारखी गुंडाळली आणि मशीनच्या सुईखाली सरकवली. जिथे गाठ हवी तिथे थांबली. सात टाके पुढे, सात मागे, त्याच जागी. मग सुई वर, रजई पुढे, पुन्हा थांबायचं, पुन्हा सात टाके. शेवटी मधले दोरे कात्रीनं कापले. भाजी शिजायला लागतो तेवढ्या वेळात रजई झाली. पोरीनं ती तीन महिने पांघरली, त्यावर उड्या मारल्या, भिजवली, ती दोनदा धुतली. कापूस जागचा हलला नाही.

तुळजानं ती रजई सासऱ्यासमोर ठेवली. रंभाजीनं तिला हातसुद्धा लावला नाही.

"मशीनच्या टाक्यात ऊब नसते, सूनबाई," तो म्हणाला. "ऊब हाताची असते."

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की संध्याकाळी त्यानं ते पारावर जाऊन पुन्हा म्हटलं. पारावरच्या चौघा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या माना आता एरवीही डोलत, पण रंभाजीनं ती दाद धरली. त्या चौघांपैकी एकानंही आयुष्यात कुठल्याही रजईला एकापेक्षा जास्त गाठ मारली नव्हती. पण हाताच्या कामावर बोलायला बसले की घरून जेवायला बोलावणं आल्यावरच ते थांबत. शहाणपण वयाबरोबर येतं, हे वय झालेलेच सांगत आले आहेत.

मशीनवर पुन्हा पागोटं बसलं.

थंडी तोंडावर आली आणि शेजारच्या गावच्या मुलींच्या वसतिशाळेच्या मुख्याध्यापिका, ढोलेबाई, रंभाजीच्या अंगणात आल्या. शाळेची नवी इमारत झाली होती, पण खिडक्यांना अजून झडपा नव्हत्या. चाळीस मुली होत्या. पहाटे मुली दोघी-दोघी एका पांघरुणात शिरत होत्या आणि सकाळी सगळ्याच शिंकत उठत होत्या. बाईंना चाळीस रजया हव्या होत्या. पंधरा दिवसांत.

रंभाजी हसला. चाळीस रजयांना होळी उजाडेल, म्हणाला. हाताचं काम असतं, त्याला घाई चालत नाही. मग त्यानं ऊब हाताची असते ते वाक्य म्हटलं.

तेवढ्यात दारातून तुळजा बोलली, "पंधरा दिवसांत होतील, बाई. मशीनवर."

सासरा बोलत असताना सुनेनं दारातून बोलायचं म्हणजे त्या घरात भूकंपच. भिवा टेंपोच्या चाकात हवा आहे की नाही ते बघायला लागला. रंभाजीनं आधी सुनेला झापलं, मग मशीनला झापलं, मग आजकालच्या सगळ्या जगाला. मशीनची गाठ म्हणजे गाठच नव्हे, चार झटक्यांत सुटेल, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं.

ढोलेबाई शाळेतल्या असूनही त्यांना प्रश्न विचारता येत होता.

"अण्णा, एका रजईच्या एकशे एकवीस गाठी. मारतं कोण?"

"होतात की," रंभाजी म्हणाला.

"होतात म्हणजे?"

"घरातच होतात."

बाईंनी पारूबाईच्या हातांकडे पाहिलं. पारूबाईनं हात पदराखाली घेतले. मग बाई म्हणाल्या की रविवारी त्या परत येतील. एक रजई तुळजानं मशीनवर करावी, एक अण्णांनी हातानं. गाठी सगळ्यांसमोर मारायच्या. मग गावच्या रिवाजाप्रमाणे दोन्हींना एकवीस झटके द्यायचे. जी टिकेल तशा चाळीस.

एकवीस झटके हे नांदरखेड्याचं पक्कं होतं. चार माणसांनी चार कोपरे धरून नवी रजई एकवीस वेळा हवेत झाडायची. गाठ सुटली किंवा कापूस सरकला की रजई नापास. या रिवाजावर सगळ्यात जास्त कडक कोण, तर रंभाजी. दुसऱ्यांच्या कितीतरी रजया त्यानं सतराव्या, अठराव्या झटक्याला नापास केल्या होत्या.

आता अंगणाबाहेर लोक जमले होते. पारावरचे चौघेही काठ्या टेकत आले होते. एवढ्या लोकांसमोर रंभाजीला माघार घेणं शक्य नव्हतं. शिवाय त्याच्या डोक्यात अजूनही 'हात' म्हणजे पारूबाईचेच होते.

"मान्य," तो म्हणाला. "मशीन हरलं तर भंगारवाल्याच्या गाडीवर चढवायचं. आणि मी हरलो तर लाल दोरा खाली ठेवीन. पुन्हा शिवणार नाही."

तुळजानं मशीनकडे पाहिलं. वडिलांनी एकुलती म्हैस विकून ते घेऊन दिलं होतं. ती मान खाली घालून हो म्हणाली.

बाई गेल्यावर रंभाजीनं पारूबाईला सांगितलं की रविवारी जरा लवकर आवर, तुला बसायचंय.

"मी कशाला?" पारूबाई म्हणाली. "ऊब तुमच्या हाताची ना?"

मग ती आत गेली आणि सुई घेऊन आली. त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही सुई. दोरा या टोकातून ओवतात."

रविवारी सकाळी अंगणात दोन रजया आणल्या. शाळेसाठी म्हणून दोन्हींच्या खोळी साध्या पांढऱ्या मांजरपाटाच्या होत्या. एका बाजूला तुळजाचं मशीन. त्यावरचं पागोटं त्या दिवशी रंभाजीच्या डोक्यावर होतं, पानाचा डबा त्याच्या शेजारी, आणि रेडिओ कुणीतरी बंद केला होता. ढोलेबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना चारची एसटी गाठायची होती.

रजईला गाठी मारणाऱ्या बाया कडेला बसतात, पदर खोचून, लुगडं आवळून. झालेला भाग गुंडाळत गुंडाळत पुढे सरकतात. रजईवर कुणी बसत नाही. हे नांदरखेड्यातल्या सात वर्षांच्या पोरींनाही माहीत असतं. रंभाजीला माहीत नव्हतं. तो चपला काढून सरळ रजईच्या मधोमध गेला आणि मठातल्या महाराजांसारखी मांडी घालून बसला. पांढऱ्या रजईवर त्याचं पांढरं धोतर चहूकडे पसरलं. चष्मा त्यानं मुद्दाम घरात ठेवला होता. चष्म्यानं माणूस म्हातारा दिसतो, असं त्याचं मत होतं.

"अहो, धोतर सावरून बसा," पारूबाई म्हणाली.

"मला शिकवू नकोस," रंभाजी म्हणाला.

ती शेंगांचं सूप घेऊन कडेला जाऊन बसली.

तुळजानं रजई गुंडाळली आणि पाय चालू केले. मशीनचा आवाज सुरू झाला. सात टाके पुढे, सात मागे, थांब. सात पुढे, सात मागे, थांब. दोनदा सुई मोडली, दोनदा तिनं नवी बसवली. इकडे रंभाजीला दोरा ओवता येईना. त्यानं दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं, दातानं कुरतडलं, दोऱ्याच्या जातीला शिवी दिली. शेवटी पारावरचा एक म्हातारा मदतीला आला. त्या दोघांना मिळून चार डोळे होते, पण दिसणारा एकही नव्हता. ओवायला ढोलेबाईच उठल्या.

तुळजाची रजई जेवणाच्या आधीच झाली. तिनं दोरे कापले, रजई झटकून खाटेवर ठेवली आणि पोरीला जेवू घालायला आत गेली. रंभाजीच्या तोवर एकोणीस गाठी झाल्या होत्या.

त्या एकोणीस गाठींत दोन सारख्या नव्हत्या. एक इतकी घट्ट की रजईला बेंबी पडली. पुढची इतकी सैल की तिच्यातून करंगळी आरपार जावी. एक तर त्यानं शेळी खुंट्याला बांधतात तशी मारली होती. गुडघे आधी दुखले, मग बधिर झाले. विसाव्या गाठीला दोरा ओढताना त्याच्या पहिल्या बोटाची कातडी चिरली. एकविसाव्याला दोरा बरोबर त्याच चिरेत बसला. बाविसाव्यालाही.

तेव्हा रंभाजीनं आयुष्यात पहिल्यांदा पारूबाईच्या हाताकडे नीट पाहिलं. ती कडेला बसून शेंगा सोलत होती. तिच्या पहिल्या बोटाला पेराजवळ एक खोल खाच होती, विहिरीच्या काठाला दोरानं पडते तशी. ती खाच रंभाजी रोज बघत होता, ती ताट वाढताना, तांब्या देताना. त्याला वाटायचं तिचं बोट जन्मापासूनच तसं असावं. पण लग्नात हा हात हातात घेतला तेव्हा ती खाच नव्हती, हे त्याला त्या क्षणी आठवलं. मग ती आली केव्हा?

हा विचार त्याच्या डोक्यात तेविसावी गाठ होईपर्यंत टिकला. माणूस बदलायला तेवढा वेळ पुरला असता. पण पारावरच्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "चालू दे रंभाजी, हात तो हात," आणि त्याची छाती पुन्हा फुगली.

तीन वाजले. साठ-बासष्ट गाठी झाल्या होत्या. तो बसल्या जागी गरागरा वळत, हात पोचेल तिथे गाठ मारत होता. रांगा केव्हाच मोडल्या होत्या. ढोलेबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या की अण्णा, आहे एवढ्यावर थांबू, तुम्हाला त्रास नको.

रंभाजीला हेच हवं होतं. चेहऱ्यावर मात्र त्यानं असं दाखवलं की बाईंच्या एसटीसाठी आपण एवढं करतोय. मग त्यानं लाल दोरा मागवला. ही गाठ त्याची होती. ही त्याला येत होती. अडचण एकच होती, की रजईचा मध्य त्याच्या मांडीखाली होता. इतर दिवशी दोन बाया रजई उचलून त्याच्या छातीशी आणत. आज कुणी उठलं नाही. तो थोडा मागे सरकला, दोन गुडघ्यांच्या मधल्या पांढऱ्या कापडावर अंदाजानं बोट ठेवलं, डोळे मिटले, पुटपुटला, आणि सुई खुपसली. बाहेर काढली. पूर्ण ताकदीनं ओढली. एरवी तो ही गाठ दोनदा आवळायचा, आज मान राखायचा म्हणून चारदा आवळली.

मग तो उठायला गेला आणि उठता आलं नाही.

आधी त्याला वाटलं गुडघे धरले. त्यानं पुन्हा उठू पाहिलं. कमरेपाशी धोतर ओढलं गेलं आणि त्याच्याबरोबर रजईचा मधला भाग वर आला. रंभाजीनं हळूच हात खाली नेला. लाल गाठ त्याच्या धोतराच्या निऱ्यांवर बसली होती. निऱ्यांतून खाली, खालून वर, चारदा आवळून. रंभाजीनं स्वतःला रजईला बांधून घेतलं होतं.

हे अंगणात फक्त दोघांना कळलं. दुसरी पारूबाई. ती उठून त्याच्याजवळ आली, वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "कात्री आहे माझ्याकडे. देऊ?"

सगळी गोष्ट इथे संपू शकत होती. हो म्हणायचं होतं, बस. बोटभर कापड गेलं असतं. लोक हसले असते, पण चांगलं हसले असते. रंभाजीही हसला असता तर ती रजई नापास होऊनसुद्धा माणूस पास झाला असता.

"कात्री कशाला?" रंभाजी मोठ्यानं म्हणाला. "आधी सुनेची रजई झाडा."

तुळजाची रजई झाडली. तालमीतले दोन पैलवान, एक शेजारी आणि भिवा, असे चौघे चार कोपऱ्यांना. एकवीस झटके दिले. कापूस हलला नाही. ढोलेबाईंनी रजई उन्हात धरून आरपार पाहिली आणि सगळीकडे सारखीच जाड असल्याचं सांगितलं. एका पैलवानाला राहवेना म्हणून त्यानं बाविसावाही दिला. काही झालं नाही.

"उठा अण्णा," तो म्हणाला. "आता तुमची."

रंभाजी उठेना. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पारूबाईच्या हातात कात्री अजून होती. मग त्यानं घसा खाकरला आणि म्हाताऱ्या माणसाला अडचणीत सुचतं तेच त्याला सुचलं, जुना रिवाज. पूर्वी रजईला खरे झटके माणसासकट देत, असं त्यानं सांगितलं. आपल्या आजोबांनी स्वतः बसून दिले होते. मशीनच्या रजईत कुणी बसलं नव्हतं, तिचं काय कौतुक? हाताच्या गाठी माणसालाही पेलतात. आपण बसून राहणार.

असा रिवाज कधीही नव्हता. पण पारावरच्या चौघांनी माना डोलावल्या, तेव्हा तो झाला.

"अण्णा, नक्की?" ढोलेबाईंनी विचारलं.

"नक्की."

"कात्री," पारूबाई म्हणाली. तेवढंच.

रंभाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

चौघांनी कोपरे उचलले. भिवानं आयुष्यात बापाला कधी शब्दानं धक्का लावला नव्हता. त्यानं आपला कोपरा चांगला मनगटाला गुंडाळून धरला.

पहिल्या झटक्याला रंभाजी वीतभर उडाला आणि पागोटं अंगणात गेलं. दुसऱ्याला गाठी सुटायला लागल्या, तव्यावर मोहरी तडतडते तशा. तिसऱ्याला शेळीची गाठ गेली. कापसाला मोकळी वाट मिळाली आणि तो चारी बाजूंनी मध्याकडे धावला, कारण मध्यात वजन होतं. पाचव्या झटक्याला रंभाजी कमरेपर्यंत कापसाच्या फुगवट्यात होता. घरट्यात बसलेल्या टिटवीसारखं त्याचं तोंड तेवढं वर दिसत होतं आणि ते थांबा थांबा म्हणत होतं. पण पोरं हसत होती, बाया हसत होत्या, आणि झटके मोजणारा मोठ्यानं मोजत होता. रिवाज एकवीसचा होता. तो मधे थांबवायचा नसतो, हे त्यांना रंभाजीनंच शिकवलं होतं.

नवव्या झटक्याला खोळ उसवली. कापूस खाली पडला आणि धोतरातून निसटून रजईच्या कडेवरून त्या कापसावर रंभाजी पडला, त्यामुळे त्याला लागलं काही नाही. रजई चौघांच्या हातात वर राहिली. रजईच्या मधोमध लाल गाठ होती, आणि लाल गाठीला रंभाजीचं अख्खं धोतर लोंबत होतं. इतर सगळ्या गाठी गेल्या होत्या. ही एक तेवढी सुटली नव्हती. रंभाजीला लाल गाठ खरंच चांगली येत होती. त्याला तेवढीच येत होती.

तो खाली कापसात उभा राहिला. अंगावर बंडी आणि निळ्या पट्ट्यांची चड्डी. नऊ झटके, एक आपट, पण चड्डीचा एक टाका उसवलेला नव्हता. नाडीची शिवणसुद्धा जशीच्या तशी.

पारूबाईनं नवऱ्याला खालून वर नीट न्याहाळलं.

"मशीनचा टाका धरतो म्हणायचा," ती म्हणाली.

ढोलेबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांना हसणं शोभत नव्हतं. त्या खुर्चीच्या पाठीकडे तोंड वळवून हसल्या. तुळजा हसली नाही. ती आतून चादर घेऊन आली आणि मान दुसरीकडे करून तिनं ती सासऱ्याच्या हातात दिली. मग मशीनजवळ जाऊन तिनं त्यावरून एकदा हात फिरवला आणि अंगणात पडलेला पानाचा डबा उचलून सासऱ्याच्या खाटेखाली ठेवून दिला. तो पुन्हा मशीनवर आला नाही.

चाळीस रजया तेराव्या दिवशी शाळेत पोचल्या. तुळजा मशीनवर बसे, पारूबाई रजया गुंडाळून देई आणि बसल्या बसल्या सुनेला सगळ्या गावाच्या गोष्टी सांगे. भिवानं टेंपो भरला. निघताना तो अंगणात थांबला आणि म्हणाला, "छान झाल्यात." एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून घरात कुणी ऐकलं नव्हतं.

लाल गाठी मारायला तुळजानं सासूला बसवलं. पारूबाईनं चाळीस रजयांवर चाळीस लाल गाठी मारल्या. डोळे मिटले नाहीत, पुटपुटली नाही. एकेक गाठ मारायची आणि बोटं जरा कोमट पाण्यात ठेवायची. दर गाठीला तिला कुणीतरी रजई छातीपर्यंत उचलून धरत होतं. बऱ्याचदा तो भिवा होता.

रंभाजी आता पारावर बसतो. ऊब हाताची असते, असं अजूनही म्हणतो. परवा एक सात वर्षांची पोरगी तिथून जात होती. ती थांबली आणि तिनं विचारलं, "कुणाच्या?" चौघांच्या माना डोलायच्या थांबल्या. रंभाजीनं पानाचा डबा शोधायला सुरुवात केली. तो घरी होता.

तात्पर्य: हाताच्या कामाची थोरवी सांगणाऱ्याला आधी विचारावं, हात कुणाचे. आणि कुणी कात्री पुढे केली तर घ्यावी. रंभाजीनं घेतली नाही. त्याचं एक धोतर गेलं आणि लाल दोरा गेला. धोतर नवीन आणता आलं.